श्वसन-पुनर्वसन : वृद्धांच्या परिचर्येतील एक दुर्लक्षित अंग

खेड्यातील कोणत्याही आळीतून सकाळच्या प्रहरी फेरफटका मारला, तर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, किंचित पुढे वाकून ओट्यावर बसलेली एखादी वृद्ध व्यक्ती दृष्टीस पडल्यावाचून राहत नाही. घरच्यांना विचारावे, तर "आता वय झालं, दमा आहे" एवढेच उत्तर मिळते. शेतावर जाणे केव्हाच सुटलेले असते. पुढे देवळात जाणे सुटते, मग शेजारी जाऊन बसणे सुटते आणि अखेरीस न्हाणीपर्यंत जाण्यासही कुणाचा तरी हात लागतो. या उतरणीला घरची माणसे, आणि पुष्कळदा आरोग्य कर्मचारीही, वार्धक्याचाच एक भाग समजतात. वस्तुतः तिचा बराचसा भाग टाळता येण्यासारखा आहे, आणि तो टाळण्याचे साधन एखादे महागडे यंत्र किंवा नवे औषध नव्हे. नेटाने व पद्धतशीरपणे शिकवलेली परिचर्या हेच ते साधन होय. वैद्यकशास्त्रात तिला श्वसन-पुनर्वसन असे नाव आहे.

ग्रामीण भागात 'दमा' हा शब्द अनेक विकारांना सरसकट लावला जातो. खरा दमा बहुधा लहानपणी किंवा तारुण्यात सुरू होतो, त्याचे झटके येतात आणि जातात, आणि मधल्या काळात रुग्ण जवळजवळ निरोगी असतो. ओट्यावर बसलेल्या वृद्धाचा विकार पुष्कळदा निराळा असतो. त्यात श्वासनलिका हळूहळू अरुंद होत गेलेल्या असतात, फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या भिंती फाटून गेलेल्या असतात, आणि एकदा झालेली ही हानी भरून येत नाही. हा दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसविकार डॉक्टरमंडळींत 'सी.ओ.पी.डी.' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये या विकाराने जगभरात सुमारे ३५ लाख माणसे दगावली. भारतात १९९० मध्ये त्याचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ मध्ये ती संख्या ५ कोटी ५३ लाखांवर गेल्याचा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

धूर कोठून येतो?

हा केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा रोग आहे, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या लेखाने तिला मोठा धक्का दिला. जगात तंबाखूचे धूम्रपान करणारे सुमारे १०१ कोटी लोक असताना लाकूड, गोवऱ्या आणि पिकांचे अवशेष जाळून होणाऱ्या धुराला तोंड देणारे लोक सुमारे ३०० कोटी आहेत, आणि म्हणून चुलीचा धूर हेच या रोगाचे जगातील सर्वांत मोठे कारण असू शकेल, असे त्यांनी दाखवून दिले. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या वृद्ध स्त्रीला एवढी धाप का लागते, याचे उत्तर तिच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या चुलीत आहे.

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाल्यानंतर गॅसची शेगडी पुष्कळ घरांत पोचली. तरीही धूर संपला असे समजणे घाईचे होईल. चहा आणि भाजी गॅसवर होते. भाकरी चुलीवरच चांगली लागते म्हणून चुलीवर होते, आणि अंघोळीचे पाणी तर हमखास सरपणावर तापते. तव्यावर मशेरी भाजताना उठणाऱ्या धुराचा तर कोणी विचारच करत नाही. याखेरीज दगडखाणी, वीटभट्ट्या, पिठाच्या गिरण्या यांतील धूळ, आणि पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग यांचाही वाटा आहे. क्षयाचे जंतू औषधाने नष्ट झाले, तरी फुप्फुसावर राहिलेले व्रण पुढे धाप देत राहतात.

आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील व्यक्तींचा जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात स्वयंपाकाचे इंधन कोणते आणि धूर-धुळीच्या जागी काम केले आहे काय, हे प्रश्न आहेत. ही माहिती गोळा होते, हे चांगलेच आहे. मात्र तक्त्यात खूण झाल्यावर त्या माणसाचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

धाप, भीती आणि दुबळे पाय

पुनर्वसनाचे तत्त्व समजून घ्यावयाचे, तर आधी एक दुष्टचक्र ध्यानात घेतले पाहिजे. चालताना धाप लागते. धाप लागली की जीव घाबरा होतो, म्हणून माणूस चालणे कमी करतो. न चालल्याने मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू झिजतात. झिजलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी अधिक श्वास लागतो, म्हणून पूर्वी शंभर पावलांनी लागणारी धाप आता पन्नास पावलांनी लागते. माणूस आणखी बसतो. फुप्फुसाची हानी एकपट असेल, तर बसून राहिल्याने येणारे अपंगत्व तिच्या कितीतरी पुढे जाते. घरचे लोकही मायेपोटी याच चक्राला हातभार लावतात. "तुम्ही उठू नका, पाणी मी देते," असे म्हणणाऱ्या सुनेचा हेतू चांगलाच असतो, यात शंका नाही.

एके काळी डॉक्टरही हेच सांगत. धाप लागणाऱ्या रुग्णाने विश्रांती घ्यावी, हा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वमान्य सल्ला होता. न्यूयॉर्कचे डॉ. ॲल्व्हन बॅराक यांनी १९५० च्या दशकात, अशा रुग्णांना चालवले तर त्यांची ताकद वाढते, असे निरीक्षण नोंदवले. पुढे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेन्व्हर येथे डॉ. थॉमस पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यायाम, श्वसनाचे शिक्षण आणि परिचारिकेची देखरेख यांची पद्धतशीर सांगड घातली. या विषयावरील ६५ चाचण्या आणि त्यांतील ३,८२२ रुग्ण यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये घेतला. धाप, थकवा आणि दैनंदिन जीवन या तिन्ही बाबतींत पुनर्वसनाचा लाभ इतका स्पष्ट दिसला की, नेहमीच्या उपचारांशी त्याची तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची आता गरज नाही, असा निर्वाळा देण्यात आला. वैद्यकशास्त्रात असे क्वचितच घडते.

येथे एक गोष्ट स्वच्छपणे सांगितली पाहिजे. पुनर्वसनाने फुप्फुस सुधारत नाही. आठ आठवड्यांनंतर फुंकून केलेली यंत्रावरची तपासणी पहिल्याइतकीच वाईट येते. सुधारतात ते पाय, सुधारते श्वास सोडण्याची रीत, आणि धापेची भीती कमी होते. रुग्णाला आणि घरच्यांना हे आरंभीच सांगितले नाही, तर "औषधाने बरं झालं नाही, व्यायामानेही नाही" असे म्हणून ते सोडून देतात.

परिचारिकेची पहिली भेट

रोगनिदान डॉक्टरांनीच करावयाचे आहे, आणि त्यासाठी स्पायरोमीटर या यंत्रावर एकदा तरी तपासणी होणे आवश्यक आहे. ती सोय गावात नसते; रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, वजनातील घट, संध्याकाळचा ताप यांपैकी काही असल्यास प्रथम थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी झाली पाहिजे. छातीत दुखणे, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, पायांवर नव्याने आलेली सूज यांपैकी काही आढळल्यास डॉक्टरांच्या परवानगीखेरीज व्यायाम सुरू करू नये. या मर्यादा पाळल्या, की पुढचे बरेचसे काम परिचारिकेचे आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे आहे.

मोजमापाशिवाय सुरू केलेला व्यायाम अंदाजपंचे होतो, म्हणून पहिल्या भेटीत चालण्याची चाचणी घ्यावी. तिला लागणारी सामग्री म्हणजे तीस मीटर लांबीची सपाट जागा, दोन टोकांना दोन विटा, एक खुर्ची आणि एक घड्याळ. रुग्णाने सहा मिनिटांत आपल्या चालीने जेवढे चालवेल तेवढे चालावे. दम लागल्यास थांबावे, मात्र घड्याळ चालू राहते. फेऱ्या मोजायला परिचारिकेने चिंचोके एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकले तरी पुरे. एकूण अंतर नोंदवहीत लिहून ठेवावे. काही आठवड्यांनी हेच अंतर तीस मीटरने वाढले, तर तो लाभ रुग्णाला स्वतःला जाणवण्याइतका असतो असे मानले जाते.

चालण्याच्या आधी व नंतर बोटाला लावण्याच्या ऑक्सिमीटरने रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहावे. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत ही छोटी यंत्रे घेऊन पथके घरोघरी गेली होती. त्यांपैकी जी अद्याप कपाटात पडून असतील, त्यांना सेल घालून पाहण्यास हरकत नाही. बोट गार असेल किंवा नखाला रंग लावलेला असेल तर आकडा चुकतो, हे लक्षात ठेवावे. चालताना आकडा ८८ च्या खाली गेल्यास थांबवून विश्रांती द्यावी आणि डॉक्टरांना कळवावे.

धाप मोजण्याची एक सोपी रीत आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी त्यासाठी शून्य ते दहा अशी श्रेणी तयार केली. शून्य म्हणजे धाप मुळीच नाही, दहा म्हणजे सहन करण्यापलीकडची. रुपया-आण्याच्या हिशेबात मुरलेल्या वृद्धांना सोळा आण्यांची श्रेणी अधिक जवळची वाटेल, पण नोंदी सर्वत्र सारख्या राहाव्यात म्हणून दहाच बरी. "आजी, दहापैकी किती दम लागला?" असे चार वेळा विचारले, की पाचव्या वेळी आजी आपणहून आकडा सांगतात. ज्यांना अंक जमत नाहीत त्यांना हाताची बोटे दाखवता येतात.

आणखी एक प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा, आणि तो कोणत्याही तक्त्यात नसतो. "काय करायचं सुटलं म्हणून वाईट वाटतं?" कुणी मारुतीच्या देवळाचे नाव घेते, कुणी लेकीच्या घरचा जिना सांगते, कुणाला दिंडीबरोबर निदान वेशीपर्यंत जायचे असते. पुढचे आठ आठवडे चालायचे ते या उत्तरासाठी. मीटरांचा आकडा परिचारिकेला हवा असतो. रुग्णाला देऊळ हवे असते.

फुंकर

श्वसनाच्या अनेक क्रियांपैकी एकच शिकवावयाची असेल, तर ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडण्याची शिकवावी. या रोगात हवा आत जाते, पण बाहेर पडताना अरुंद नळ्या मिटून ती आतच कोंडते. ओठ आवळून सोडलेल्या श्वासामुळे नळ्यांत थोडा दाब टिकून राहतो आणि त्या उघड्या राहतात. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि चार अंक मोजेपर्यंत सोडावा. ही फुंकर चुलीवरच्या फुंकणीची नव्हे. बशीतला चहा निववताना जशी घालतात तशी, समोर ज्योत असती तर ती कलावी पण विझू नये एवढ्या बेताची ती असावी. पायरी चढताना, बादली उचलताना, खाली बसून उठताना, म्हणजे जोर लागतो त्या क्षणी श्वास सोडावयाचा, हे याच शिक्षणाचे पुढचे पाऊल. पुष्कळ रुग्ण नेमके उलट करतात. जोर लावताना श्वास रोखून धरतात.

धाप लागली असता बसण्याची रीतही दाखवावी. पुढे झुकून कोपर मांड्यांवर टेकले, की खांद्यांचे स्नायू श्वासाच्या मदतीला मोकळे होतात. ओट्यावरच्या वृद्धाला ही बैठक कुणी शिकवलेली नसते. शरीराने ती स्वतःच शोधलेली असते. रस्त्यात धाप लागली, तर भिंतीला पाठ टेकून किंवा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहता येते.

याच संदर्भात एक सावधगिरी सुचवणे आवश्यक आहे. श्वसनाचा प्रश्न निघाला की प्राणायामाचा सल्ला सर्व बाजूंनी येतो. सावकाश, लांब निःश्वासाला प्राधान्य देणारे प्रकार या रुग्णांना सोसतात. कपालभाती, भस्त्रिका यांसारखे वेगाने श्वास फेकण्याचे आणि श्वास रोखून धरण्याचे प्रकार मात्र त्यांनी टाळावेत, कारण हवा बाहेर पडायलाच ज्यांना अधिक वेळ लागतो त्यांच्या छातीत अशा घाईने ती आणखी कोंडते. "पोटाने श्वास घ्या" हा सल्लाही सरसकट देऊ नये. रोग वाढलेल्यांना त्याने काही वेळा अधिकच त्रास होतो. उलट भजनात लांब चालीचा अभंग म्हणताना श्वास आपोआप बेताने सोडला जातो. भजन हा उपचार आहे असा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. परंतु दम लागतो म्हणून भजन सोडलेल्या माणसाला पुन्हा तेथे नेऊन बसवण्यास परिचारिकेने संकोच करू नये.

छातीत कफ साचून राहणाऱ्यांना खोकल्याच्या उबळीने थकवा येतो आणि कफ मात्र निघत नाही. त्यांना काच पुसण्यासाठी तिच्यावर वाफ सोडतो तसा, तोंड उघडे ठेवून 'हाऽ' असा हुंकार दोन-तीनदा टाकण्यास शिकवावे. त्याने बेडका वर येतो आणि मग एका साध्या खोकल्याने बाहेर पडतो.

घेऊन दाखवा

श्वासावाटे घेण्याचे औषध हा या रोगाचा कणा आहे, आणि सर्वाधिक चुका तेथेच होतात. औषध कसे घेता असे विचारून उपयोग नसतो. "बरोबर घेते" हेच उत्तर येते. परिचारिकेने "आजी, रोज घेता तसं मला घेऊन दाखवा," असे म्हणावे आणि मध्ये न बोलता पाहावे. कुणी तोंडासमोर हवेतच पंप दाबते. कुणी दाबल्यावर श्वास घेण्याऐवजी सोडते. पूड भरलेली कॅप्सूल यंत्रात न घालता पाण्याबरोबर गिळून टाकणारे रुग्णही भेटतात. असे महिनोन्‌महिने चालते आणि शेवटी दोष औषधाला लागतो.

दोन प्रकारच्या साधनांत श्वास घेण्याची रीत एकमेकीच्या उलट आहे, हे परिचारिकेला पक्के ठाऊक असले पाहिजे. दाबण्याच्या पंपाचे औषध सावकाश व खोल श्वासाने ओढावयाचे. कॅप्सूलच्या यंत्रातील पूड जोराने व खोल ओढावयाची. दोन्हींत आधी श्वास पूर्ण सोडावयाचा आणि औषध घेतल्यावर दहा अंक मोजेपर्यंत, किंवा जमेल तेवढा वेळ, श्वास रोखून धरावयाचा. वृद्धांच्या हाताचा आणि श्वासाचा मेळ बसत नसल्याने पंपाला स्पेसर ही पोकळ नळी जोडणे श्रेयस्कर ठरते. दक्षिण आफ्रिकेत केप टाउन येथे १९९९ मध्ये दम्याच्या मुलांवर केलेल्या चाचणीत, अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीला भोक पाडून केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच उपयुक्त ठरला होता. म्हणजे स्पेसर परवडत नाही, ही सबब फारशी टिकणारी नाही. औषधात स्टेरॉइड असल्यास नंतर चूळ भरून टाकावी, नाहीतर तोंड येते.

"पंपाची सवय लागते" ही भीती गावोगाव आहे. तिला वादाने उत्तर देण्यापेक्षा, चष्म्याची जशी सवय लागते तशीच ही, एवढे सांगितले तर ते अधिक पटते.

चालणे आणि उठणे-बसणे

प्रत्यक्ष कार्यक्रम सहा ते आठ आठवड्यांचा असावा, आणि त्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस देखरेखीखाली आणि उरलेल्या दिवसांपैकी बहुतेक दिवस घरी चालणे असावे. चालीचा वेग पहिल्या चाचणीवरून ठरवता येतो. समजा, रुग्ण सहा मिनिटांत २४० मीटर चालला. म्हणजे मिनिटाला ४० मीटर. त्याच्या ऐंशी टक्के वेग, म्हणजे मिनिटाला ३२ मीटर, हा आरंभाचा वेग. दहा मिनिटांत ३२० मीटर होतात; तीस मीटरच्या जागेत दहा-अकरा खेपा झाल्या. सलग दहा मिनिटे जमत नसेल, तर दोन मिनिटे चालणे आणि एक मिनिट बसणे असे तुकडे पाडावेत. दर आठवड्याला थोडी वाढ करीत वीस ते तीस मिनिटांपर्यंत जावे. धापेची श्रेणी तीन-चारच्या आसपास राहावी. धाप लागलीच नाही, तर व्यायाम कमी पडतो आहे. बोलताना शब्द तुटू लागले, तर तो अधिक होतो आहे.

त्याच्या जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, आणि पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या खांद्यापर्यंत उचलणे हे दोन व्यायाम पुरेत. हात वर उचलून केलेल्या कामाने या रुग्णांना चालण्यापेक्षाही लवकर धाप लागते. वेणी घालणे, दोरीवर कपडे वाळत टाकणे यांसारख्या कामांनी बायका का थकतात, ते यावरून कळेल. म्हणून दोरी खांद्याच्या उंचीवर आणावी, अंघोळ स्टुलावर बसून करावी, रोजची भांडी फळीवरून खाली कंबरेच्या पातळीवर घ्यावीत. घरातील मांडणी बदलणे हे सुनेच्या हाती असते, यास्तव हे शिक्षण तिच्या समक्षच झाले पाहिजे.

आहाराविषयी थोडक्यात. श्वास घेण्याच्या श्रमातच या रुग्णांची पुष्कळ शक्ती खर्ची पडते, म्हणून ते वाळत जातात. पोट तुडुंब भरले की श्वासपटल वर दाबले जाते, म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे, आणि त्यात डाळ, उसळ, दूध, शेंगदाणे, चालत असल्यास अंडे यांचा समावेश असावा. विडी आणि मशेरी सोडवण्याचे प्रयत्न पहिल्या भेटीपासून चालू ठेवावेत.

बिघाडाचे दिवस

थंडीत, सुगीच्या धुळीत किंवा साध्या सर्दीनंतर या रोगाचा एकाएकी बिघाड होतो. नेहमीपेक्षा वाढलेली धाप, वाढलेला कफ आणि त्याचा पिवळा-हिरवा झालेला रंग ही तीन चिन्हे घरातील प्रत्येकाला पाठ असावीत. ती दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ओठ निळे पडणे, गुंगी येणे, एक वाक्य पुरे न बोलता येणे या स्थितीत तासाचाही विलंब धोक्याचा असतो. फ्ल्यू आणि न्यूमोकॉकस या जंतूंविरुद्धच्या लसी अशा रुग्णांनी घ्याव्यात, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

प्राणवायू देताना मात्र सढळ हात नको. या रुग्णांत रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे सुरक्षित असते. आकडा ९९ दिसावा म्हणून नळी पूर्ण उघडली, तर रक्तात कर्बवायू साचून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. कोरोनाच्या काळात 'जेवढा जास्त तेवढा चांगला' ही समजूत रुजली असल्याने हे मुद्दाम सांगावे लागते. घरी प्राणवायूचे यंत्र असल्यास त्या खोलीत चूल, विडी, समई यांपैकी काहीही पेटवू नये.

बिघाड होऊन रुग्णालयातून घरी परतलेला रुग्ण हा पुनर्वसनाचा सर्वांत गरजू रुग्ण, आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. ही स्थिती केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये या रोगासाठी रुग्णालयात राहून घरी गेलेल्या १,९७,३७६ वृद्धांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. घरी गेल्यापासून नव्वद दिवसांच्या आत पुनर्वसन सुरू केलेले त्यांत अवघे २,७२१ होते. वर्षाच्या आत त्यांच्यापैकी ७.३ टक्के दगावले. इतरांतील हे प्रमाण १९.६ टक्के होते. मुळात धडधाकट असलेलेच पुनर्वसनाला गेले असतील, हा आक्षेप रास्त आहे आणि त्यामुळे सर्व फरकाचे श्रेय व्यायामाला देता येणार नाही. तथापि साधने मुबलक असलेल्या देशातही शंभरांतील दोघांनासुद्धा ही परिचर्या वेळेवर मिळाली नाही, हे त्यातून दिसतेच.

गावाच्या हाती काय आहे?

उपकेंद्रातील परिचारिकेवर लसीकरण, बाळंतपणे, नोंदवह्या आणि अहवाल यांचा भार आधीच आहे. त्यात आणखी एक काम घालणे सोपे आहे. तिला त्यासाठी वेळ देणे अवघड आहे. आठवड्यातून दोन सकाळी एकेक तास या कामासाठी राखून ठेवला, तर एका वेळी सहा-आठ वृद्धांचा गट चालवता येतो. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या रोगाचा समावेश असल्याने त्यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. तालुका पातळीवर वेळापत्रकात तो तास लिहिला गेला पाहिजे, एवढेच.

जागेचा प्रश्न ग्रामपंचायत आणि शाळा मिळून सोडवू शकतात. तीस मीटरचा सपाट, सावलीचा पट्टा बहुतेक शाळांच्या व्हरांड्यात किंवा आवारात निघतो. दोन टोकांना खुणा रंगवल्या, मध्ये दोन बाके ठेवली, जवळ पिण्याचे पाणी असले की केंद्र तयार झाले. मोठ्या वर्गातील मुलांनी फेऱ्या मोजण्याचे काम घेतल्यास ती आनंदाने करतात. सर्दी-खोकला झालेल्या मुलांना मात्र त्या दिवशी दूर ठेवावे. शाळेच्या किंवा गावाच्या कडेला कचरा आणि पालापाचोळा जाळण्याची प्रथा ग्रामसभेच्या ठरावाने बंद झाली, तर या माणसांच्या श्वासावर त्याचा परिणाम त्याच दिवसापासून होतो.

वाडी-वस्तीवर राहणाऱ्या आणि उपकेंद्रापर्यंत येऊ न शकणाऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतो. ऑस्ट्रेलियात १६६ रुग्णांवर केलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात काही रुग्णांना रुग्णालयातील कार्यक्रमात घेतले, तर इतरांकडे प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ एकदाच घरी गेला आणि पुढे सात आठवडे दर आठवड्याला एकदा दूरध्वनीवरून बोलला. कार्यक्रमाच्या अखेरीस घरच्या गटाची प्रगती रुग्णालयातील गटापेक्षा कमी नव्हती. आपल्या वस्त्यांवर तज्ज्ञ पोचणे कठीण असले, तरी परिचारिकेची एक भेट, घरात असलेला एक मोबाइल फोन आणि दर आठवड्याला आशा कार्यकर्तीची एक चौकशी एवढ्यावर असा प्रयत्न करून पाहण्यासारखा आहे. चौकशीचे प्रश्नही ठरलेले असावेत : किती दिवस चाललात, किती मिनिटे, दहापैकी किती दम लागला, कफाचा रंग कसा आहे.

आठ आठवडे संपले की चालण्याची चाचणी पुन्हा घेऊन अंतर त्याच पानावर लिहावे आणि ते रुग्णाला वाचून दाखवावे. येथेच बहुतेक कार्यक्रम थांबतात, आणि चालणे सुटलेल्या रुग्णाची कमाई पुढील सहा ते बारा महिन्यांत ओसरू लागते. म्हणून गट मोडू देऊ नये. परिचारिका नसली तरी त्या दोन सकाळी व्हरांडा उघडा असावा, जुन्या रुग्णांनी नव्यांना फुंकर शिकवावी, आणि दर तीन महिन्यांनी एकदा घड्याळ लावून सहा मिनिटांचे अंतर मोजले जावे. अंतर मागच्या नोंदीपेक्षा तीस मीटरने घटले असेल, तर त्या रुग्णाची औषध घेण्याची रीत त्याच दिवशी पुन्हा पाहावी आणि गरज भासल्यास त्याला डॉक्टरांकडे पाठवावे.